फुरसे : आपले आणि परमुलखाचे

श्रोतेहो, फुरसे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. रत्नागिरीकडचे जांभ्या दगडाचे उघडे सडे, त्यांवरचे सुटे धोंडे आणि धोंड्याखाली वेटोळे करून बसलेला हातभर लांबीचा तपकिरी साप. पण हा साप काही कोकणाने विकत घेतलेला नाही. आपल्या वऱ्हाडातल्या मुरमाड बरडीवर, माळरानावर, धुऱ्यावर रचलेल्या दगडांत राहणारा जो आखूड, चिडखोर साप, तोही फुरसेच. मग शाळेतला एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, कोकणातलं फुरसं अन् आपल्याकडचं फुरसं एकच हाय का हो? अन् तिकडं राजस्थानात वाळूत असतं म्हणतात, ते कोणतं?" प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. थोरामोठ्या शास्त्रज्ञांनी या प्रश्नावर वर्षे घालवली आहेत, आणि त्याच्या उत्तराशी माणसाच्या जिवाचा संबंध आहे. तो कसा, ते आज पाहू.

आधी सापाची ओळख करून घेऊ. फुरसे लांबीने बहुधा एक ते दोन फूट. कोकणातले तर बऱ्याचदा फूटभरच भरते. अंग खरखरीत, रंग मातीचा. कुठे तांबूस, कुठे भुरकट, कुठे राखी. पाठीवर फिकट ठिपक्यांची ओळ आणि दोन्ही कुशींवर पांढरट नागमोडी रेघ. डोके मानेपेक्षा रुंद, आणि डोक्यावर पांढुरकी खूण, कोणाला ती बाणाच्या फाळासारखी वाटते, कोणाला ओल्या मातीत उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारखी. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. हे फुरसे अंडी घालत नाही, जिवंत पिले देते. विंचू, गोम, बेडूक, पाली, लहान उंदीर हे त्याचे खाणे. दिवसा दगडाखाली दडायचे आणि रात्री बाहेर पडायचे, हा त्याचा नित्यक्रम.

आणि त्याचा आवाज! डिवचले की ते अंगाचे अर्धगोलाकार वेढे एकमेकांवर घासते. कुशीवरच्या खवल्यांना तिरप्या, करवतीसारख्या दातेरी धारा असतात. त्या एकमेकींवर घासल्या की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रचर्र आवाज निघतो. तोंडाने फुत्कारणारे साप पुष्कळ, पण कातडीने बोलणारा हा एक. हा आवाज ऐकू आला की पाऊल जागच्या जागी थांबवावे आणि मागे घ्यावे.

आता जात आणि उपजात. गावातल्या माणसालाही हे नवे नाही. गाय एकच, पण आपली गवळाऊ वेगळी, गुजरातची गीर वेगळी, म्हैसूरकडची अमृतमहाल वेगळी. त्या गाई माणसाने पारख करून जोपासल्या. रानातल्या प्राण्यांत हेच काम मुलूख करतो. एका जातीचे प्राणी दूरदूरच्या प्रदेशांत हजारो पिढ्या राहिले की त्यांच्या अंगकाठीत, रंगात, खवल्यांच्या संख्येत थोडाथोडा फरक पडत जातो. तो ठळक व कायमचा दिसला की शास्त्रज्ञ त्या प्रादेशिक गटाला उपजात म्हणतात. अमेरिकेत गोफर नावाचा साप आहे. आपल्या धामणीसारखाच तो लांब, बिनविषारी आणि उंदीर खाणारा. त्याची पॅसिफिक किनाऱ्याची उपजात निराळी, सोनोरन वाळवंटाची निराळी, ग्रेट बेसिन या कोरड्या खोऱ्याची निराळी. तिथलेही शेतकरी त्याला विषारी खुळखुळ्या साप समजून मारतात, कारण घाबरला की तो अंग फुगवतो आणि शेपटीचे टोक थरथरवतो. धामणीला नाग समजून ठेचणारे आपण काही जगावेगळे नाही.

फुरशाचे शास्त्रीय बारसे मोठे गमतीचे आहे. पॅट्रिक रसेल नावाचे ईस्ट इंडिया कंपनीचे एक डॉक्टर विशाखापट्टणमला होते. त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर १७९६ साली सचित्र ग्रंथ छापला. त्यात तमिळ मुलखातल्या आरणी येथील एका सापाचे चित्र होते. त्या आधारे जर्मन पंडित श्नायडर यांनी १८०१ साली त्याला नाव दिले, आणि त्यात 'कॅरिनेटा' हा शब्द घातला. कॅरिनेटा म्हणजे धार असलेला. खवल्याच्या मधोमध होडीच्या तळासारखी जी उभी धार असते, ती या नावात आली. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात 'मूळ' फुरसे हे दक्षिणेचे. पुढे सिंध, पंजाब, राजस्थान, बलुचिस्तान इकडची फुरशी पाहण्यात आली, तेव्हा ती अंगाने मोठी, क्वचित अडीच फुटांपर्यंत जाणारी, आणि खवल्यांच्या हिशेबातही वेगळी निघाली. १९६९ साली श्टेमलर यांनी त्या वायव्येकडच्या फुरशाला स्वतंत्र उपजात मानले आणि व्हिएन्नाचे सर्पतज्ज्ञ एरिक सोखुरेक यांचे नाव दिले. श्रीलंकेतले फुरसेही निराळी उपजात म्हणून नोंदले गेले आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात की वायव्येकडचे फुरसे ही उपजात नसून वेगळी जातच आहे. हा वाद तज्ज्ञांचा आहे, तो त्यांनी निस्तरावा.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की आपल्याकडचे फुरसे आणि कोकणातले फुरसे एकाच दक्षिणी घराण्यातले. राजस्थानच्या वाळूतले ते दुसऱ्या घराण्यातले. मात्र या दोन घराण्यांमध्ये तारेचे कुंपण नाही. मधल्या मुलखात दोन्हीकडची लक्षणे मिसळलेली सापडतात.

"मग बघून ओळखता येतं का?" इथे खरी अडचण आहे. रंगावर जाल तर फसाल. तांबड्या मुरमावरचे फुरसे तांबूस असते आणि काळसर खडकाळीतले भुरकट, दोन्ही एकाच उपजातीची. लांबीवर जाल तर दक्षिणेचा थोराड साप आणि वायव्येचा तरणा साप एकाच मापाचे निघतील. डोक्यावरची खूण दोघांतही दिसते. खात्रीची वाट एकच, खवले मोजण्याची. सापाच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या किती ओळी आहेत आणि पोटाखाली आडवे पट्टे किती आहेत, हे मोजावे लागते. फुरशाच्या सर्व उपजाती धरून मध्यावरच्या ओळी पंचवीस ते एकोणचाळीस अशा भरतात. वायव्येकडच्या सापात ओळीही आणि पोटाखालचे पट्टेही सरासरीने जास्त. पण सरासरीनेच बरे का! एकाचा वरचा आकडा दुसऱ्याच्या खालच्या आकड्यात मिसळतो. म्हणून शास्त्रज्ञही एका सापावरून निकाल देत नाहीत. पुष्कळ साप मोजतात आणि प्रत्येकाचे गाव लिहून ठेवतात.

रंगाचा विषय निघालाच आहे तर नागाबद्दल दोन शब्द सांगतो. आपल्याकडे गव्हाळ्या नाग वेगळा, डोम्या नाग वेगळा, आणि डोम्या अधिक जहाल अशी समजूत आहे. जात दोघांची एकच. फणीवर चष्म्यासारखी खूण असलेला, खूण पुसट झालेला आणि खूण मुळीच नसलेला, तिन्ही नाग एकच. उलट बंगाल-आसामकडे फणीवर एकच वाटोळी खूण असलेला नाग आहे. तो पूर्वी आपल्या नागाची उपजात समजला जाई, आज तो सर्वमान्यपणे वेगळी जात आहे. लोकांनी रंगावरून दोन केले ते एक निघाले, आणि शास्त्राने एक म्हटले त्याचे पुढे दोन झाले. असो.

आता जिवाच्या गोष्टीकडे येऊ. सर्पदंशावर जे औषध दवाखान्यात मिळते, ज्याला लोक सापाचे इंजेक्शन म्हणतात, ते प्रतिविष घोड्यापासून तयार होते. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेने टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते, ते शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईला परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे हाफकिन संस्था म्हणून नावारूपाला आली. प्रतिविषाच्या कामात महाराष्ट्राला तिचा मोठा आधार राहिला आहे. भारतातले प्रतिविष चार सापांच्या विषावर मिळून बनते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. म्हणून दंश चारांपैकी कोणाचाही असो, कुपी एकच.

पण ते विष येते कुठून? पुष्कळ काळ त्यातला मोठा वाटा तमिळनाडूतून आला आहे. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ साली उभी राहिली. हे लोक पिढ्यानपिढ्या साप पकडणारे. कातड्यासाठी साप मारण्याचा धंदा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद पडला, तेव्हा साप पकडावा, विष काढावे आणि पुन्हा रानात सोडावा अशी तोड त्यांच्यासाठी काढण्यात आली. काम उत्तम. पण त्या विषात फुरसे असते ते दक्षिणेचे. प्रतिविषाचे प्रमाण असे ठरले आहे की एक मिलिलिटर औषधाने फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे. हे माप ज्या विषावर घेतात, त्यापेक्षा वेगळ्या घडणीचे विष अंगात गेले तर हिशेब चुकतो. राजस्थानातल्या डॉक्टरांना हाच अनुभव आला. तिथल्या फुरशाच्या दंशावर कुपीमागून कुपी देऊनही रक्त लवकर पूर्ववत होईना. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सापांची विषे तपासली. २०१९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यात प्रचलित प्रतिविष वायव्येकडच्या फुरशावर अपुरे पडते असे दिसून आले. नागाच्या आणि घोणशीच्या विषातही प्रांताप्रांतानुसार फरक असल्याचे त्यांनी पुढे दाखवले. म्हणून आता जाणकारांचा आग्रह आहे की निरनिराळ्या प्रांतांतले विष गोळा करून औषध बनवावे. खवले मोजण्याचा तो कोरडा वाटणारा खटाटोप इथे कामाला येतो. साप कुठल्या मुलखाचा, हे औषध बनवणाऱ्याला कळले पाहिजे.

रोग्याला किंवा त्याच्या भावाला मात्र ते कळण्याची गरज नाही, हे मी मुद्दाम बजावून सांगतो. कारण आपल्याकडे दंश झाला की चार माणसे रोग्याकडे आणि आठ माणसे सापाकडे धावतात. "कोणता होता पाहू द्या" म्हणून कुटाराच्या ढिगात काठ्या घालतात, आणि त्यात दुसऱ्याला चावा बसतो. मेलेल्या सापाचे डोकेसुद्धा काही वेळ चावू शकते. डॉक्टरला साप नको आहे, डॉक्टरला रोग्याचे रक्त हवे आहे. फुरशाचे विष रक्तावर जाते, रक्ताचा गोठण्याचा गुणच नाहीसा करते. त्याची परीक्षा इतकी साधी आहे की लहान दवाखान्यातही होते. रोग्याचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा आडवी करायची. रक्त पातळच राहिले तर ते गोठत नाही, हे उघड झाले. मग प्रतिविष सुरू करून ठरावीक तासांनी तीच परीक्षा पुन्हा करतात. साप दक्षिणेचा की वायव्येचा हे न विचारता औषध किती लागेल ते नळीच सांगते.

फुरशाच्या दंशात एक मोठा धोका आहे, तो ध्यानात ठेवा. चावा लहान, साप लहान, सूज थोडी, रोगी तासाभराने म्हणतो, "मले काही झालं नाही, घरी जातो." आणि रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, जुनी जखम वाहू लागते. म्हणून फुरशाचा संशय असला तरी दिवसरात्र दवाखान्याच्या देखरेखीखाली राहावे. हातातली अंगठी, कडे, पायातले जोडवे आधी काढावे, सूज चढल्यावर ते निघत नाही. ज्या हातापायाला चावा आहे तो फळीला सैल बांधून न हलेल असा ठेवावा. रोग्याला चालवू नये. दोरीने आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे यांतले काही करू नये. फुरशाच्या दंशात कापणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्ताला आपणच वाट करून देणे. १०८ क्रमांकाला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसण्यापेक्षा मिळेल त्या वाहनाने निघावे. देवाला नवस बोलायचा असेल तर गाडीत बसून बोलावा.

हा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना एका आकड्याने येते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यातली, पुष्कळशी दवाखान्यापर्यंत न पोचलेली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. हे आपले डवरणी-निंदणाचे महिने आहेत. पुढे सोयाबीनच्या सोंगणीत पेंढ्या उचलताना आणि रब्बीला रात्री पाणी देताना हात-पाय पुन्हा सापाच्या वाटेत येतात. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. योजना तिचे काम करील. आपण पायात बूट, हातात बॅटरी आणि पेंढी उचलण्याआधी काठीने एकदा हलवून पाहणे, एवढे आजपासून करू शकतो.

फुरसे मारून संपत नाही, हेही सांगतो. एकोणिसाव्या शतकात सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशावर इनाम लावले. तेव्हा सहा वर्षे दरसाल सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. इतके करून रत्नागिरीत फुरसे आजही आहेच. लोकांनी इनाम घेतले, सापाने पिले दिली.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सुचवतो. जिवंत साप शाळेत आणण्याचा उद्योग कोणी करू नये. पण कात हे अभ्यासाचे उत्तम साधन आहे. साप समोर नाही याची खात्री करून काठीने ती उघड्यावर ओढावी, थोडे पाणी शिंपडून मऊ करावी आणि भिंग घेऊन पाहावी. कातीत रंग जवळजवळ उतरत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मुलांना खवल्यांकडेच पाहावे लागते. लांबीवर मात्र विश्वासू नये. कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते. गावातले निम्मे बारा फुटी नाग अशा कातीतूनच जन्माला येतात.

कातीच्या मध्यावर पोटाच्या पट्ट्याच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या रेषेत खवले मोजावेत. पोटाचा पट्टा धरू नये. सतरा ओळी आल्या आणि कात लांबलचक असली तर बहुधा धामण. धामणीत शेपटीकडे जाताना त्या चौदावर येतात. एकवीस ते पंचवीस गुळगुळीत ओळी आल्या तर नागाचा संशय धरावा. पंधरा ओळी आणि पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षट्कोनी असतील तर ती मण्यार. तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या असतो. त्याला ओळी सतरा, आणि पाठीवरचे खवले सगळे सारखे. खवल्यांवर ठळक उभी धार, डोक्याचा भागही बारीक खवल्यांनी भरलेला आणि ओळी पंचवीसच्या वर असतील तर बहुधा घोणस किंवा फुरसे. तेव्हा शेपटीखाली पाहावे. घोणशीला तिथे पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, फुरशाला एकच.

मोजून झाले, वहीत चित्र काढून झाले, की कात होती तिथे परत ठेवावी, सर्वांनी हात धुवावेत. वहीत ओळींचा आकडा, तारीख आणि जागा लिहावी. जागा म्हणजे नुसते 'शेतात' नव्हे. गाव, तालुका, जमीन काळी की मुरमाड, धुऱ्यावर की गोठ्यामागे, हे सगळे लिहावे. मालेगाव तालुक्यातल्या बरडीवरची कात आणि पैनगंगेकाठच्या काळ्या रानातली कात, दोन्हींवर गावाचे नाव नसेल तर दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागणार नाही.